गडकऱ्यांची सिंधू आणि झाडीपट्टीच्या लेकी

धानाची कापणी आटोपली आणि दिवाळी सरली, की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावागावांत नाटकांचे मंडप उभे राहू लागतात. मंडई असो वा शंकरपट, रात्रीच्या नाटकाशिवाय तो पुरा झाला असे येथे कोणी मानत नाही. लेकी-जावयांना आवतणे जातात, पाहुण्यांनी घरे भरतात आणि रात्री उशिरा वर गेलेला पडदा पहाटेच्या सुमारास खाली येतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे या झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. होळीपर्यंत चालणाऱ्या या हंगामात नाटकांची नावे बदलतात, कंपन्या बदलतात. पण एक जोडपे पुन:पुन्हा रंगमंचावर येत राहते. दारूपायी संसाराची धूळधाण करणारा नवरा आणि त्याचे सारे मुकाट्याने सोसणारी त्याची बायको.

या जोडप्याचे मूळ शोधत मागे गेले, तर वाट राम गणेश गडकरी यांच्यापाशी येऊन थांबते. ‘एकच प्याला’ या नाटकातील सुधाकर आणि सिंधू हे मराठी रंगभूमीवरील अशा सर्व जोडप्यांचे पूर्वज होत. शहरी रंगभूमीवरून झाडीपट्टीत आलेल्या नाटकांमध्ये ‘एकच प्याला’लाही मानाचे पान मिळाले. गडकऱ्यांचा शेवटही विदर्भाच्याच मातीत झाला. ज्या सिंधूने त्यांचे नाव अजरामर केले, तिला रंगमंचावर पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

गुजरातेतील बालपण

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत, नवसारी येथे झाला. आठ-नऊ वर्षांचे वय असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि कुटुंबाच्या मागे आर्थिक ओढग्रस्त लागली. मराठी भाषेचा शहेनशहा म्हणून पुढे ज्यांचा गौरव झाला, त्या गडकऱ्यांचे बालपण गुजराती भाषेच्या सहवासात गेले आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांना मराठी सफाईने बोलता येत नव्हते, ही गोष्ट आजही अनेकांना नवलाची वाटते. उशिरा हाती आलेल्या या भाषेवर त्यांनी पुढे जे प्रेम केले, ते वेडाच्या जवळ जाणारे होते.

पुण्यात शालेय शिक्षण पुरे करून त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात नाव घातले. पण गणिताने दगा दिला आणि पदवीची वाट तेथेच संपली. पोटासाठी काही करणे भाग होते. किर्लोस्कर नाटक मंडळीत कंपनीतील मुलांना शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. काही काळ ‘ज्ञानप्रकाश’ या वृत्तपत्रातही त्यांनी उमेदवारी केली. नाटक कंपनीतील ही नोकरी वरवर क्षुद्र असली, तरी गडकऱ्यांसाठी ती खरी विद्यापीठ ठरली. पडद्यामागे उभे राहून त्यांनी संवाद ऐकले, टाळी कोठे पडते आणि प्रेक्षक कोठे गहिवरतो, हे पाहिले. स्त्रीवेष घेणारे पुरुष नट तासन्‌तास आरशासमोर बसून स्त्री कशी ‘घडवितात’, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नसणार.

नाटककार श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनी गुरू मानले. कोल्हटकर वऱ्हाडात, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली करीत. कवितेत त्यांनी केशवसुतांचा वारसा सांगितला. अकाली गेलेला धाकटा भाऊ गोविंद याच्या आठवणीसाठी ‘गोविंदाग्रज’ हे टोपणनाव घेऊन त्यांनी कविता लिहिल्या, तर ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेख. एकाच लेखणीतून एकाच काळात हसू आणि आसू इतक्या विपुलतेने क्वचितच कोणाच्या वाहिले असतील.

ठकी, लीला आणि वसुंधरा

गडकऱ्यांच्या साहित्यात स्त्रीचे दु:ख सतत डोकावत राहते. बाळकरामाच्या लेखांत ठकीच्या लग्नासाठी वर शोधत हिंडणाऱ्या मंडळींची जी फजिती रंगविली आहे, ती वाचताना हसून पोट दुखते. पण त्या हसण्याखाली मुलीच्या लग्नाचा जो बाजार समाजाने मांडला होता, त्यावरची चीड लपत नाही. या साऱ्या खटाटोपात ठकीला काय हवे, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही, आणि खरी गंमत व खरी बोचणी तीच आहे. ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत तर मृत बाळाला उराशी धरून ते झोपले आहे अशी समजूत घालून घेणारी आई त्यांनी उभी केली.

नाटकांतही हाच धागा दिसतो. १९१२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘प्रेमसंन्यास’ची नायिका लीला ही बालविधवा आहे. पुनर्विवाहाचा प्रश्न त्या काळी घराघरांत पेटलेला होता आणि गडकऱ्यांनी त्याचा शेवट सुखाचा न करता शोकाचा केला. १९१६ मध्ये आलेल्या ‘पुण्यप्रभाव’मध्ये वसुंधरा ही पतिव्रता केवळ आपल्या पावित्र्याच्या बळावर दुष्ट वृंदावनाचे हृदयपरिवर्तन घडविते. स्त्रीच्या सोशिकपणात जग बदलण्याचे सामर्थ्य आहे, हा त्या काळच्या समाजाचा आवडता विश्वास होता आणि ‘पुण्यप्रभाव’ने त्याला भव्य रूप दिले.

पुढच्याच नाटकात गडकऱ्यांनी हा विश्वास पणाला लावला. वसुंधरेइतकीच निष्ठावंत अशी दुसरी पतिव्रता त्यांनी निर्माण केली आणि तिच्यासमोर दुष्ट परपुरुषाऐवजी तिचा स्वत:चा, सज्जन, बुद्धिमान नवरा उभा केला. या वेळी पुण्याचा प्रभाव पडला नाही. त्या नाटकाचे नाव ‘एकच प्याला’.

एका प्याल्याची शोकांतिका

सुधाकर हा तडफदार वकील. न्यायालयात झालेला अपमान आणि त्यापायी काही काळ गेलेली सनद यांमुळे तो आतून जळत असतो. अशा वेळी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. एका प्याल्याने काय होणार, या समजुतीतून सुरू झालेली ही उतरण मग थांबत नाही. मध्यंतरी सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. पण गेलेली पत परत मिळत नाही, कोणी दारात उभे करीत नाही आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो. श्रीमंत माहेरची सिंधू भावाची मदत नाकारून दळण दळते आणि त्यावर घर चालविते. अखेर दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो आणि सिंधूलाही प्राणघातक मार बसतो. चौकशीला आलेल्या फौजदारापुढे ती नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे बोलते आणि प्राण सोडते. शुद्धीवर आलेला सुधाकर विषाचा प्याला जवळ करतो.

परकीय शोकांतिका मराठी रंगभूमीला तोवर अपरिचित नव्हत्या. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले होते आणि देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला होता. तथापि राजे-सरदारांच्या दालनातून शोकांतिकेला मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आणून बसविण्याचे धैर्य गडकऱ्यांचे. ऑथेल्लोची निरपराध डेस्डिमोना मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ देत नाही. सिंधूही तेच करते. दोघींमध्ये तीन शतकांचे अंतर आहे. मरणाच्या दारातील बायकोने नवऱ्याची अब्रू झाकावी, ही अपेक्षा मात्र तशीच आहे.

‘एकच प्याला’ दारूवरचे नाटक म्हणून ओळखले जाते. बारकाईने पाहिले तर ते सत्तेवरचेही नाटक आहे. पैसा भावाच्या, पद्माकराच्या हाती आहे. उपदेश करण्याचा अधिकार सुशिक्षित मित्र रामलाल याच्याकडे आहे. कायदा फौजदाराच्या हाती आहे आणि काठी नवऱ्याच्या. सिंधूच्या हाती उरतात ते दोनच नकार. भावाची मदत घ्यायची नाही आणि नवऱ्याविरुद्ध बोलायचे नाही. तिचे सारे कर्तृत्व या दोन नकारांत सामावले आहे आणि दोन्ही नकार तिने त्याच माणसासाठी खर्च केले आहेत, जो तिचा घात करतो.

तिच्यापुढे दुसरी कोणती वाट होती, हा प्रश्न विचारताना तो काळ विसरून चालणार नाही. त्या काळी हिंदू पत्नीला घटस्फोटाचा सर्वसाधारण अधिकार नव्हता. तो मिळायला १९५५ साल उजाडावे लागले. वडिलांच्या मिळकतीत मुलीला वारसाहक्क १९५६ च्या कायद्याने मिळाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये. म्हणजे सिंधूने नाकारलेला भावाचा पैसा हा तिचा हक्क नव्हताच, ती भावाची कृपा होती. पत्नीच्या छळाबद्दल नवऱ्याला गुन्हेगार ठरविणारे ४९८-अ हे कलम भारतीय दंड विधानात १९८३ मध्ये आले आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये झाला. सिंधू ज्या फौजदारासमोर खोटे बोलली, तो मृत्यूनंतर येणारा फौजदार होता. त्याआधी तिच्यासाठी येणारा फौजदार कायद्याच्या पुस्तकात नव्हता.

गडकऱ्यांना हे दिसले नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सिंधूच्या शेजारी त्यांनी गीता उभी केली आहे. तळीरामाची ही बायको नवऱ्याला तोंडावर सुनावते. दारुड्याला देव मानण्याचा आव ती आणत नाही. प्रेक्षक तिच्या फटकळ बोलण्यावर हसतात, तरी नाटकातले सर्वांत खरे बोलणे पुष्कळदा तिचेच असते. सुधाकराची बहीण शरद ही बालविधवा. तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्यावर माया करणाऱ्या पुरुषांच्या मनातील द्वंद्वावर अवलंबून राहतो. सोसणारी, बोलणारी आणि वाट पाहणारी अशा तीन स्त्रिया गडकऱ्यांनी एका घराच्या आसपास आणल्या. तिघींपैकी कोणाच्याही हाती तो प्याला हिसकावून घेण्याची सत्ता मात्र त्यांनी दिली नाही. त्यांच्या काळाकडेच ती नव्हती. गीतेचे बोलणे त्यांनी हशासाठी वापरले आणि सिंधूच्या मौनापुढे हात जोडले. नाटककाराची सहानुभूती खरी होती आणि तिची मर्यादाही तितकीच खरी होती.

घरातला अंधार

स्त्रीमनाच्या व्यथा एवढ्या ताकदीने मांडणाऱ्या या लेखकाला स्वत:ला संसारसुख लाभले नाही. त्यांचे दोन विवाह झाले. पहिला संसार टिकला नाही आणि दुसराही सुखाचा ठरला नाही. प्रेमभंगाच्या कवितांनी मराठी तरुणांना वेड लावणाऱ्या गोविंदाग्रजांच्या घरी प्रेम स्थिरावले नाही, याची चर्चा पुढे अनेक वर्षे होत राहिली. या चर्चेत कवीच्या दु:खाला पुष्कळ शब्द मिळाले; त्यांच्या पत्नींच्या वाट्याला आलेल्या आयुष्याला मात्र फारच थोडे. गडकरी वारले तेव्हा दुसऱ्या पत्नीच्या वाट्याला अकाली वैधव्य आले. ज्या अवस्थेवर ‘प्रेमसंन्यास’ लिहिले, तीच अवस्था लेखकाच्या घरात शिल्लक राहिली.

त्यांची प्रकृती आधीच ढासळू लागली होती. क्षयाने शरीर पोखरले असतानाही लेखणी थांबली नाही. लतिका नावाच्या मानी मुलीने केलेला अपमान आणि त्याचा सूड घेण्यासाठी घनश्यामने रचलेला डाव, असे कथानक असलेले ‘भावबंधन’ ते अखेरच्या दिवसांत पूर्ण करीत होते. नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे वडीलबंधू विनायकराव यांच्याकडे ते विश्रांतीसाठी आले होते. तेथेच ‘भावबंधन’ हातावेगळे झाले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी गडकऱ्यांनी जगाचा निरोप घेतला. ‘राजसंन्यास’ आणि ‘वेड्यांचा बाजार’ ही नाटके अपुरीच राहिली.

त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. नाटकातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली होती. गणपतराव बोडस सुधाकर झाले आणि बालगंधर्व सिंधू. ज्यांच्या भरजरी शालूंची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत, त्या बालगंधर्वांनी दारिद्र्याने गांजलेली सिंधू साकारली आणि प्रेक्षागृह रडले. स्त्रीच्या सोशिकपणाचे हे सर्वोच्च मराठी चित्र एका पुरुषाने लिहिले आणि एका पुरुषाने रंगविले, हेही त्या काळाला धरूनच होते.

आडवी बाटली

नाटकाचा प्रभाव एवढा, की तळीराम हे विशेषनाम राहिलेच नाही. नववर्षाच्या स्वागतानंतर तळीरामांवर पोलिसांनी केलेल्या कारवाईच्या बातम्या मराठी वाचकांनी वर्षानुवर्षे वाचल्या आहेत. सिंधू हे नावही सोशिक पत्नीचे दुसरे नाव होऊन बसले. गीतेच्या नावाचा असा शब्द मात्र झाला नाही. तरीही गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी, सावनेरहून पुढे दक्षिणेला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जे घडले, त्यात गीतेचाच आवाज ऐकू येतो.

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले. या भागातील आदिवासी समाजात मोहाच्या दारूला देवकार्यात आणि सणासुदीत स्थान आहे. तेथे प्रश्न परंपरेचा नव्हता. प्रश्न होता तो दुकानांतून गावागावांत पोहोचलेल्या दारूचा आणि मजुरीचे पैसे घरी येण्याआधीच संपण्याचा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यासह अनेक कार्यकर्ते, ग्रामसभा आणि महिला मंडळे यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

शेजारच्या चंद्रपुरात ही लढाई अधिक लांबली. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी चालत गेल्या. ज्या घरातील गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, असे सिंधूला शिकविले होते, ती गोष्ट या स्त्रियांनी भर रस्त्यात सांगितली. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी अमलात आली. अवैध दारूचा सुळसुळाट आणि गुन्ह्यांची कारणे देत राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी ती उठविली. गडचिरोलीतील बंदी त्यानंतरही कायम राहिली. बंदीने दारू खरोखर थांबते काय, यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना त्यांचे मुद्दे आहेत.

या वादात एक बदल मात्र निर्विवाद आहे. राज्यात एखाद्या गावातील दारू दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होते. नाटकातल्या सिंधूकडे प्याला थांबविण्यासाठी अश्रू होते. या नियमाने तिच्या वारसदारांच्या हाती शिक्का दिला. ज्या निर्णयाचे चटके घरातील स्त्रीला बसतात, त्या निर्णयात तिचे मत मोजले जावे, एवढी साधी गोष्ट रंगभूमीवरून मतपेटीपर्यंत यायला जवळजवळ शतक लागले.

झाडीपट्टीच्या मंडपांत आजही दारुड्या नवऱ्याच्या पायी बायको रडते आणि समोर बसलेल्या बायाबापड्या पदराने डोळे टिपतात. पूर्वी येथेही स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे त्या भूमिकांत स्त्रिया आल्या. मंडपातील प्रेक्षक स्त्रियाही बदलल्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींनी दारूविरुद्ध मोर्चे काढले आहेत, ग्रामसभेत हात वर केले आहेत. सिंधूसाठी त्या रडतात. पण पहाटे घरी परतल्यावर सिंधूसारखे वागायचेच, असा नेम त्यांनी केलेला नाही. सावनेरात ३३ व्या वर्षी डोळे मिटलेल्या नाटककाराने सिंधूच्या मौनातून जो प्रश्न मागे ठेवला, त्याचे उत्तर त्याच विदर्भातील स्त्रियांनी चिमूर ते नागपूरच्या वाटेवर चालत दिले.